मोजणीच्या यंत्रांची पारख

स्वतःच्या घरांत काय चाललें आहे हें कळावें म्हणून घरधन्यानें बाहेरच्या माणसाला पैसे मोजावे, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विनोदाची वाटेल. परंतु संस्था एका मर्यादेपलीकडे वाढली कीं तिच्यावर हीच पाळी येते. वाण्याला कोणत्या डब्यांत किती डाळ उरली आहे हें डबा न उघडतांहि ठाऊक असतें. हजार शाखांच्या बँकेच्या अध्यक्षाला किंवा रेल्वेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला आपल्या कारभाराविषयीं असें ज्ञान असणें शक्य नाहीं. त्याच्यापाशीं नोंदी असतात. पण त्या इतक्या असतात कीं त्यांतून अर्थ काढून देणारें साधन लागतें, आणि तें साधन विकणारे व्यापारी दारांत उभे असतात. आज या साधनाला बिझनेस इंटेलिजन्स सॉफ्टवेअर असें नांव आहे. तें घेण्यापूर्वीं समिति नेमली जाते, चार-सहा कंपन्यांना पाचारण होतें, प्रत्येकीचा प्रतिनिधि पडद्यावर रंगीत आलेख नाचवून दाखवितो, आणि समितीचे सभासद आपापल्या कागदावर गुण मांडतात. हा सगळा सोहळा अगदीं आजचा वाटतो. परंतु त्याची पहिली मोठी तालीम १८८९ सालीं वॉशिंग्टन शहरीं झाली. आणि त्या परीक्षेंत काय तपासलें गेलें व काय तपासावयाचें राहून गेलें, हा इतिहास आजच्या समित्यांच्याहि ओळखीचा वाटेल असा आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणें दर दहा वर्षांनीं देशांतील माणसें मोजावीं लागतात, कारण प्रतिनिधिगृहांतील जागांची वांटणी लोकसंख्येवरून होते. १७९० सालीं पहिली खानेसुमारी झाली तेव्हां लोकसंख्या चाळीस लाखांच्या आंत होती आणि विचारावयाचे प्रश्नहि मोजके होते. १८८० सालीं लोकसंख्या पांच कोटींवर गेली. त्यांतच वय, धंदा, विवाह, साक्षरता, स्वतःचें जन्मस्थान, आईचें व बापाचें जन्मस्थान असा प्रश्नांचा पसारा वाढलेला. कारकुनांनीं आंखलेल्या तावांवर एकेका माणसामागें एकेक रेघ ओढावयाची आणि शेवटीं रेघा मोजावयाच्या, अशी पद्धति होती. चार्ल्स सीटन नांवाच्या अधिकाऱ्यानें लांकडी पेटींत रूळ बसवून रेघा ओढण्याचे रकाने जवळजवळ आणण्याची युक्ति काढली होती. तिनें कारकुनाची मान थोडी कमी दुखूं लागली, इतकेंच. विवाहित, परदेशीं जन्मलेले आणि सुतारकाम करणारे असे किती, असा तीन पदरी प्रश्न कोणी विचारला कीं सगळे ताव पुन्हां पहिल्यापासून चाळावयाचे. १८८० च्या खानेसुमारीचे ग्रंथ पुरे करण्यांत त्या दशकाचा बहुतेक भाग गेला. पुढची गणना दारांशीं येऊन ठेपली होती आणि मागचीचे ताळे अजून जुळत होते.

या खात्यांत त्या वेळीं हर्मन हॉलरिथ नांवाचा एक तरुण नोकरीस होता. जर्मनीहून आलेल्या आईबापांच्या पोटीं बफेलो येथें १८६० मध्यें त्याचा जन्म झाला. १८७९ सालीं कोलंबियाच्या खनिशास्त्राच्या विद्यालयांतून पदवी घेतल्यावर त्याच्या प्राध्यापकानें त्याला खानेसुमारीच्या कामावर नेलें. तेथें जन्ममृत्यूच्या आंकड्यांचें काम डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे होतें. बिलिंग्ज हे लष्करी वैद्य आणि मोठे ग्रंथसंग्राहक. हॉलरिथनें पुढें स्वतःच लिहून ठेवलें आहे कीं, एका रविवारीं सायंकाळीं बिलिंग्जच्या घरीं चहाच्या टेबलावर, असलीं कोष्टकें करण्यासाठीं एखादें यंत्र असावयास पाहिजे, असें डॉक्टर म्हणाले. तरुणानें तो शब्द मनावर घेतला. भागीदारी देऊं केली असतां बिलिंग्जनीं ती नाकारली. प्रश्न सुटला म्हणजे झालें, एवढीच त्यांची इच्छा होती.

हॉलरिथनें प्रथम कागदाच्या लांब फितीवर भोकें पाडून पाहिलीं. फितीचा दोष लवकरच ध्यानांत आला. मधलीच एखादी नोंद हवी असली तरी सगळी फीत उलगडावी लागे. मग त्यानें माणशीं एक कार्ड अशी योजना केली. ही कल्पना त्याला आगगाडीच्या प्रवासांत सुचली. त्या काळीं कांहीं गाड्यांत तिकिटावर प्रवाशाच्या केसांचा व डोळ्यांचा रंग, नाकाची ठेवण इत्यादि खुणा छापलेल्या असत. तिकिटतपासनीस योग्य त्या खुणेवर भोंक पाडी, म्हणजे एकाचें तिकीट दुसऱ्याला वापरतां येत नसे. माणसाचें वर्णन भोकांनीं लिहितां येतें हें हॉलरिथनें तेथें पाहिलें. १८८४ मध्यें त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला आणि ८ जानेवारी १८८९ रोजीं त्याला पेटंटें मिळालीं. मधल्या काळांत बाल्टिमोर शहराच्या मृत्युनोंदींवर त्यानें आपल्या साधनाचा प्रयोग केला होता.

इकडे १८९० च्या खानेसुमारीचा प्रमुख म्हणून रॉबर्ट पोर्टर याची नेमणूक झाली. मोजणीची कोणती पद्धति घ्यावी हें ठरविण्यासाठीं त्यानें तिघांची समिति नेमली. तींत बिलिंग्ज होते आणि भूगोलज्ञ हेन्री गॅनेट हे होते. तीन पद्धति पुढें आल्या. विल्यम हंट याची पद्धति चिठ्ठ्यांची होती. माणसामागें एक चिठ्ठी, आणि शाईच्या रंगावरून व लिहिलेल्या मजकुरावरून भेद ओळखून त्या हातांनीं निवडावयाच्या. चार्ल्स पिजिन हा मॅसॅच्युसेट्सच्या कामगार-सांख्यिकी कचेरींतील मुख्य कारकून. त्यानें रंगीबेरंगी छोटीं कार्डें योजिलीं होतीं. या गृहस्थानें पुढें कादंबऱ्या लिहून नांव मिळविलें, आणि आज त्याचें नांव घेतलें जातें तें बहुधा त्यांच्यामुळेंच. तिसरा स्पर्धक हॉलरिथ.

समितीनें चांचणी कशी घेतली हें पाहण्यासारखें आहे. आपापल्या सोयीचे नमुने घेऊन या, असें तिनें स्पर्धकांना सांगितलें नाहीं. सेंट लुइस शहराच्या चार विभागांतील, १८८० च्या खानेसुमारींत प्रत्यक्ष भरले गेलेले कागद तिनें काढले. त्यांत १०,४९१ माणसांच्या नोंदी होत्या. खऱ्या कागदांवर खाडाखोड असते, अक्षर वाईट असतें, रकाने अर्धवट भरलेले असतात. विक्रेता आपल्याबरोबर जे नमुने आणतो त्यांत यांतलें कांहीं नसतें. आणि आजहि अनेक संस्था विक्रेत्याच्या चकचकीत नमुन्यावर भाळून करार करतात व स्वतःच्या नोंदी त्या सॉफ्टवेअरांत घालतांना कपाळाला हात लावतात. समितीनें केलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तिनें वेळ एकदां न मोजतां दोनदां मोजला. मूळ कागदावरून चिठ्ठीवर किंवा कार्डावर नोंद उतरविण्याचा वेळ निराळा आणि त्यावरून कोष्टक तयार करण्याचा वेळ निराळा.

नोंदी उतरविण्यास हंटच्या पद्धतीला १४४ तास २५ मिनिटें लागलीं, पिजिनच्या पद्धतीला ११० तास ५६ मिनिटें, आणि हॉलरिथच्या पद्धतीला ७२ तास २७ मिनिटें. कोष्टकें करण्यास हंटला ५५ तास २२ मिनिटें, पिजिनला ४४ तास ४१ मिनिटें. आणि हॉलरिथच्या यंत्रानें तेंच काम ५ तास २८ मिनिटांत उरकलें.

या शेवटच्या आंकड्यानेंच त्या काळच्या लोकांचे डोळे दिपले, आणि तें साहजिक होतें. हंटच्या मानानें वेग दहापट होता. पण दोन्ही वेळांची बेरीज केली म्हणजे चित्र थोडें बदलतें. हॉलरिथचे एकंदर तास ७८ च्या आंतबाहेर आणि पिजिनचे १५६ च्या आंतबाहेर. म्हणजे सगळ्या कामाचा हिशेब धरला तर वेग दहापट नव्हता, आठपटहि नव्हता, दुप्पट होता. हॉलरिथच्या ७८ तासांपैकीं ७२ तास भोकें पाडण्यांत गेले होते. विजेचें यंत्र क्षणार्धांत मोजी, परंतु त्याच्यापुढें ठेवावयाचा घांस माणसाच्या हातानेंच तयार व्हावयाचा होता. गेल्या सवाशें वर्षांत यंत्रें कितीहि पालटलीं तरी हें प्रमाण फारसें पालटलेलें नाहीं. आलेख काढण्यास क्षण पुरतो. आलेखासाठीं नोंदी सारख्या नमुन्यांत आणण्यास महिने जातात, आणि ते महिने विक्रेत्याच्या दरपत्रकांत दिसत नाहींत. वॉशिंग्टनच्या समितीनें दोन वेळ वेगळे मोजले म्हणून हें आज दाखवितां तरी येतें.

समितीनें हॉलरिथच्या बाजूनें निकाल दिला. साडेसहा कोटि लोकसंख्या धरली तर सुमारें सहा लाख डॉलरांची बचत होईल, असा तिचा अंदाज होता. निकाल देणाऱ्यांत बिलिंग्ज होते, म्हणजे ज्यांच्या तोंडून यंत्राची पहिली कल्पना निघाली तेच परीक्षक झाले. आजच्या खरेदीच्या नियमांत हें बसलें नसतें. त्यांनीं यंत्रांत पैशाचा वांटा ठेवला नव्हता, आणि मिनिटांचे आंकडे इतके स्पष्ट होते कीं कोणाहि तिऱ्हाइतानें तोच निकाल दिला असता. तरी आपण पेरलेल्या रोपाकडे कोणी अगदीं परक्याच्या दृष्टीनें पाहूं शकत नाहीं. पोर्टरची गोष्ट याहून निराळी. त्यानें पुढें इंग्लंडमध्यें हॉलरिथच्या यंत्रांचा धंदा उभा करण्यांत पुढाकार घेतला.

यंत्राची रचना मोठी सुंदर होती. सुमारें सव्वातीन इंच रुंद आणि साडेसहा इंचांहून किंचित् लांब असें जाड कागदाचें कार्ड. तें एका दाबयंत्राखालीं ठेवून दांडा खालीं ओढला कीं वरून स्प्रिंगांवर बसविलेल्या सुया उतरत. जेथें कागद असे तेथें सुई अडे. जेथें भोंक असे तेथून ती खालच्या पाऱ्याच्या वाटींत बुडे आणि विजेचा प्रवाह पुरा होई. समोर घड्याळासारख्या चाळीस तबकड्या होत्या. ज्या त्या प्रश्नाच्या तबकडीवरील कांटा एक घर पुढें सरके. शेजारच्या पेटींतील एका कप्प्याचें झांकण आपोआप उघडे, त्यांत कार्ड टाकावयाचें आणि पुढचें घ्यावयाचें. प्रत्येक कार्ड बरोबर वाचलें गेलें म्हणजे घंटी वाजे. कारकुनांना विश्रांति हवीशी झाली म्हणजे कोणी तरी वाटींतला पारा गुपचूप काढून पिकदाणींत टाकीत असे, आणि दुरुस्तीसाठीं माणूस येईपर्यंत सर्वांचे हात मोकळे होत, अशीहि कथा सांगतात. समितीच्या चांचणींत असल्या कारणांनीं थांबलेल्या तासांसाठीं रकाना नव्हता.

या यंत्रांनीं १८९० ची लोकसंख्या ६,२६,२२,२५० भरविली. आणि तो आंकडा जाहीर होतांच देशांत संतापाची लाट उसळली! मागील दशकांत लोकसंख्या शेंकडा तीस वाढली होती. या वेळीं वाढ शेंकडा पंचवीसहून किंचित् कमी निघाली. साडेसहा कोटींची आस धरून बसलेल्या शहरांना हा अपमान वाटला. वर्तमानपत्रांनीं नव्या यंत्रांवर खापर फोडलें. वस्तुतः दोष यंत्राचा नव्हता. यादवी युद्धानंतर १८७० मध्यें झालेल्या खानेसुमारींत दक्षिणेकडील राज्यांतील पुष्कळ माणसें मोजावयाचींच राहून गेलीं होतीं; त्यामुळें १८८० ची वाढ फुगून दिसली आणि त्या फुगलेल्या वाढीवर लोकांनीं १८९० चे मनोरे रचले. परंतु ज्या आंकड्यानें मन खट्टू होतें तो आंकडा सांगणारें साधन बिघडलेलें आहे असें म्हणणें माणसाला सोपें जातें. मोठ्या कंपनींत विक्रीचा उतरता आलेख पाहून संचालक पहिला संशय सॉफ्टवेअरवर घेतात, तेव्हां १८९० चीच पुनरावृत्ति होत असते.

बचतीचें काय झालें? १८८० च्या खानेसुमारीला सुमारें ५८ लाख डॉलर लागले होते. १८९० च्या खानेसुमारीला सुमारें १ कोटि १५ लाख लागले. लोकसंख्या एक-चतुर्थांशानें वाढली आणि खर्च जवळजवळ दुप्पट झाला. समितीचा अंदाज चुकला होता असें यावरून सिद्ध होत नाहीं. जुन्या पद्धतीनें तेंच काम करावयाचें तर आणखी खर्च आला असता. पण तेंच काम करावयाचें कोणाच्याहि मनांत नव्हतें. यंत्र मोजूं शकतें म्हटल्यावर युद्धांत लढलेले शिपाई किती, घर स्वतःचें कीं भाड्याचें, घरावर गहाणखत आहे काय, बाईला मुलें किती झालीं, असे प्रश्न वाढले आणि त्यांचीं परस्परांशीं गुंफलेलीं कोष्टकेंहि वाढलीं. स्वस्त झालेलें उत्तर नवे प्रश्न जन्मास घालतें, आणि एकंदर हिशेब महागच पडतो. खरेदीच्या अहवालांत बचत म्हणून लिहिलेली रक्कम पुढें शोधूं गेलें असतां सांपडत नाहीं, तिचें एक कारण हें आहे.

वॉशिंग्टनमध्यें जी पद्धति हरली ती सर्वत्र हरण्याच्या योग्यतेची होती असें मात्र नाहीं. हिंदुस्थानांत १९०१ च्या खानेसुमारीपासून चिठ्ठ्यांची पद्धति स्वीकारण्यांत आली. तिचें मूळ बव्हेरियांत १८७१ सालीं झालेल्या गणनेंत होतें. परंतु हंटच्या चिठ्ठ्यांशीं तिचें नातें सहज दिसतें. माणशीं एक चिठ्ठी, कागदाच्या रंगावरून धर्म ओळखावयाचा आणि छापलेल्या चिन्हावरून स्त्रीपुरुष व विवाहित-अविवाहित. त्या चिठ्ठ्या खणांच्या फडताळांत निवडून मोजावयाच्या. या रीतीनें २९ कोटींहून अधिक माणसांचीं कोष्टकें सिद्ध झालीं. १८९० च्या अमेरिकेच्या चौपटीहून मोठ्या समुदायाला अमेरिकेनें टाकलेली पद्धति पुरली, कारण येथें कारकुनाचा पगार थोडा होता, काम अनेक प्रांतांत वांटलेलें होतें, आणि यंत्र बिघडलें तर दुरुस्त करणारा समुद्रापलीकडून आणावा लागला असता. घड्याळ तेंच असलें तरी मिनिटाचा भाव देशोदेशीं निराळा असतो. एका संस्थेनें केलेली पारख दुसरीनें जशीच्या तशी उचलणें म्हणूनच धोक्याचें ठरतें.

आतां त्या परीक्षेंत जें तपासलें गेलें नाहीं त्याकडे वळावयाचें. समितीनें मिनिटें मोजलीं. करार कसा असावा हें तिच्या कामांत येत नव्हतें. हॉलरिथ यंत्र विकीत नसे. तें तो भाड्यानें देई. दर यंत्रामागें वर्षाला एक हजार डॉलर. यंत्र त्याचें, दुरुस्ती त्याची, पेटंट त्याचें. एका कामापुरता हा व्यवहार सोयीचा होता, आणि १८९० च्या पुरता तो सरकारला फायद्याचाहि झाला. परंतु दहा वर्षांनीं पुढची खानेसुमारी आली तेव्हां खातें मोकळें राहिलें नव्हतें. कारकुनांना भोकांची भाषा अवगत झालेली, कोष्टकांचे नमुने त्या यंत्राच्या मापानें आंखलेले, आणि तसलें यंत्र दुसरा कोणी बनवीत नसे. १९०० ची गणनाहि हॉलरिथच्याच यंत्रांवर झाली.

१९०२ सालीं खानेसुमारीचें खातें कायमचें झालें आणि १९०३ मध्यें सायमन नॉर्थ हे त्याचे प्रमुख झाले. हॉलरिथ मागत असलेलें भाडें अवास्तव आहे असें त्यांचें मत पडलें. हॉलरिथ मानी आणि तापट. तडजोड झाली नाहीं, आणि १९०५ मध्यें त्याचीं यंत्रें कचेरींतून हललीं. देशाची लोकसंख्या मोजणाऱ्या खात्याला पंधरा वर्षांची संवय लावणारें साधन एका भाडेतंट्यानें गेलें! नॉर्थ यांनीं धाडसाचा मार्ग धरला. पेटंटांची मुदत १७ वर्षांची होती. पहिलीं पेटंटें १९०६ मध्यें संपत होतीं. खात्यानें स्वतःचा कारखाना काढून यंत्रें बनवावयाचें ठरविलें. त्या कामावर जेम्स पॉवर्स हा रशियांतून आलेला यंत्रज्ञ होता. १९१० च्या खानेसुमारीसाठीं खात्याचीं स्वतःचीं यंत्रें उभीं राहिलीं. हॉलरिथनें न्यायालयांत धांव घेतली, पण तीं यंत्रें थांबविणें त्याला साधलें नाहीं.

यांतला खरा गमतीचा भाग पुढेंच आहे. सरकारी पगारावर काम करीत असतां लावलेल्या शोधांचे हक्क पॉवर्सला स्वतःकडे ठेवूं देण्यांत आले होते. १९११ मध्यें त्यानें स्वतःची कंपनी काढली. एका विक्रेत्याच्या हातून सुटण्यासाठीं खात्यानें जो खटाटोप केला, त्यांतून त्याच्याच अंगणांत दुसरा विक्रेता वाढला. व्यापाऱ्यांना मात्र त्यामुळें प्रथमच निवड करतां येऊं लागली. पॉवर्सचें यंत्र निष्कर्ष छापून देई, हॉलरिथच्या यंत्रावर तबकडीचे आंकडे हातानें टिपावे लागत. ही चुरस लागली म्हणून दोघांचींहि यंत्रें सुधारलीं.

सरकारी काम दहा वर्षांतून एकदां येतें हें हॉलरिथनें फार आधीं ओळखलें होतें, म्हणून त्यानें रेल्वेकडे मोर्चा वळविला होता. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या मालवाहतुकीच्या पावत्या हें त्याचें व्यापारांतलें पहिलें मोठें काम. तेथें त्याला नवी अडचण आली. खानेसुमारींत माणसें नुसतीं मोजावयाचीं असतात. पावतींतील वजनाची व भाड्याची बेरीज करावी लागते. त्यासाठीं यंत्रच नव्यानें रचावें लागलें. पण तें साधल्यावर कोणत्या मार्गावर कोणत्या मालांत पैसा मिळतो हें रेल्वेला आपल्याच पावत्यांतून वाचतां येऊं लागलें. व्यापाऱ्यानें स्वतःच्या नोंदींतून स्वतःला ओळखण्याचा उद्योग येथें सुरू झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. १८९६ मध्यें हॉलरिथनें टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली. १९११ मध्यें ती विकली जाऊन वजनकांटे आणि हजेरीचीं घड्याळें करणाऱ्या कंपन्यांबरोबर एका मोठ्या कंपनींत विलीन झाली. १९१४ मध्यें टॉमस वॉटसन तिच्यावर आला. आणि १९२४ पासून ती इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, म्हणजे आयबीएम, या नांवानें ओळखली जाऊं लागली.

भाड्याची रीत मात्र तिनें सोडली नाहीं. तिच्या करारांत आणखी एक कलम होतें: यंत्रावर कार्डें वापरावयाचीं तीं कंपनीकडूनच घेतलेलीं असलीं पाहिजेत. कार्ड म्हणजे कागदाचा तुकडा. पण मोठ्या कचेरींत तीं लाखांनीं लागत. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेला आणि १९३६ मध्यें निकाल झाला. कंपनीचें म्हणणें असें कीं, कार्डाची जाडी किंचित् जरी कमीजास्त झाली, कागदांत विजेला वाट देणारा कण जरी राहिला, तरी यंत्र चुकेल आणि नांव कंपनीचें जाईल. हें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. परंतु न्यायालयापुढें एक अडचणीचा पुरावा होता. खुद्द सरकारला शेंकडा पंधरा अधिक भाडें भरून आपलीं कार्डें आपण छापण्याची मुभा त्याच कंपनीनें दिली होती, आणि त्या कार्डांवर यंत्रें सुरळीत चालत होतीं. न्यायालयानें तें कलम बेकायदा ठरविलें. पुढें १९५६ च्या तडजोडीच्या हुकुमान्वयें यंत्रें भाड्याप्रमाणेंच विकतहि देणें कंपनीला भाग पडलें. आणि १९६९ मध्यें तिनें यंत्र व तें चालविणारें सॉफ्टवेअर यांच्या किंमती निराळ्या आकारण्याचें जाहीर केलें. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल म्हणून बाजारांत मांडणाऱ्या व्यापाऱ्यांना त्यामुळें मोकळें मैदान मिळालें.

बिझनेस इंटेलिजन्स हे शब्द याच कंपनीच्या एका संशोधकानें, हान्स पीटर लून यानें, १९५८ च्या ऑक्टोबरांत तिच्या नियतकालिकांतील लेखाला मथळा म्हणून वापरले. कचेरींत येणारे कागद यंत्रानें वाचावे, त्यांचा सारांश काढावा आणि ज्या अधिकाऱ्याला ज्याची गरज त्याच्याकडे तो पोंचवावा, अशी ती कल्पना होती. हेच शब्द १९८९ पासून हॉवर्ड ड्रेसनर या जाणत्यानें आजच्या अर्थानें रूढ केले. वॉशिंग्टनच्या परीक्षेला त्या सालीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. पुढील काळांत या मालाच्या स्वतंत्र कंपन्या पुष्कळ निघाल्या, आणि मोठ्या संस्था त्यांची पारख करून निवड करूं लागल्या. मग २००७ सालीं एकाच वर्षांत ओरॅकलनें हायपेरियन घेतली, सॅपनें बिझनेस ऑब्जेक्ट्स घेण्याचें जाहीर केलें, आणि आयबीएमनें कॅनडांतील कॉग्नॉस सुमारें पांच अब्ज डॉलरांना घेण्याचें ठरविलें. आदल्या वर्षीं ज्या संस्थांनीं बड्या कंपन्यांच्या कचाट्यांत सांपडूं नये म्हणून मुद्दाम लहान विक्रेता निवडला होता, त्यांना निवड न करतांच बडा विक्रेता मिळाला. तो बदल कोणत्याहि समितीच्या गुणपत्रिकेंत नव्हता.

ज्या मोजणीसाठीं पहिली परीक्षा झाली तिचे मूळ कागद पुढें वॉशिंग्टनमधील व्यापारखात्याच्या इमारतीच्या तळघरांत ठेवलेले होते. अग्निरोधक खोलींत त्यांना जागा मिळाली नव्हती; ते बाहेर फळ्यांवर रचलेले होते. १० जानेवारी १९२१ च्या सायंकाळीं तेथें आग लागली. कांहीं कागद जळाले, पुष्कळ बंबांच्या पाण्यानें भिजले, आणि उरलेल्यांचा नाश करण्यास १९३३ मध्यें अनुमति मिळाली. यंत्रांनीं काढलेलीं कोष्टकें ग्रंथांत छापलेलीं आहेत. तीं आजहि कोणासहि पाहतां येतात. मात्र १८९० सालीं जे प्रश्न विचारले गेले नाहींत ते त्या माणसांविषयीं आतां विचारतां येत नाहींत. सव्वासहा कोटींच्या त्या यादींतील कागदांचे थोडे तुकडे हातीं लागले आहेत. त्यांवर एकंदर ६,१६० माणसांचीं नांवें वाचतां येतात. सेंट लुइसच्या चांचणींत जितकीं माणसें मोजलीं गेलीं होतीं त्यांहूनहि तीं कमी आहेत.